अर्जुनरावांच्या जीपची समोरची काच

मित्रांनो, मी काच आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे गोड गोष्टीची वाट पाहत बसू नका. माझं वय झालं, कडा उडाल्या, अंगावर रेघा आहेत. त्यांचं मला काही वाटत नाही. पण ज्या माणसानं त्या रेघा पाडायला लावल्या आणि दोष दुसऱ्याच्या माथी मारला, त्याला मी विसरलेली नाही.

एका मोठ्या कारखान्यात वाळू वितळवून मला घडवलं. आतून पाहणाऱ्याला मधे काच आहे हे कळूच नये, एवढी मी स्वच्छ होते. एका जीपला मला समोर बसवलं आणि महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी ती जीप पिंपळगाव राजाच्या अर्जुनरावांनी घेतली. अर्जुनराव म्हणजे मोठी जमीन असलेले, चार गावांत वजन असलेले गृहस्थ. जीप चालवायला त्यांनी कडूबाला ठेवलं. कडूबा पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. दारू तर सोडाच, तो तंबाखूही खात नसे.

कडूबानं मला कधी कोरड्या फडक्यानं पुसलं नाही. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची आणि मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं हळूच टिपायचं, अशी त्याची रीत होती. तो पाणीही गावातल्या गोड्या विहिरीचं आणायचा. अडलेल्या बाळंतिणी, साप चावलेली माणसं त्यानं माझ्यातून रस्ता पाहत खामगावच्या दवाखान्यात नेली. लोक म्हणायचे, "कडूबाची गाडी आरशावानी आहे." ते ऐकून मला बरं वाटायचं. दोन वर्षं अशी गेली.

मग अर्जुनरावांच्या डोक्यात निवडणूक शिरली. जीप दारात सतत चकाकत राहिली पाहिजे, असा हुकूम सुटला. गोडं पाणी लांबून आणण्यात वेळ जातो म्हणून मळ्यातल्या खारट विहिरीचं पाणी दिवसातून दोनदा भर उन्हात माझ्यावर ओतायला लावलं. पाणी उन्हात वाळायचं आणि क्षाराचा पांढरा ठिपका मागे राहायचा. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. महिन्याभरात माझ्या अंगावर देवी आल्यासारखं झालं.

"मालक, हे पानी काचीले चांगलं नाही जी," कडूबा म्हणाला. "डाग धरून राह्यले."

"मंग घास नं! राखुंडीनं घास. इटकरीचा भुगा लाव."

"वरखडे पडतीन मालक. मंग समोरचं दिसनार नाही."

"तू मले शिकवतं काय बे?" अर्जुनराव ओरडले. त्यांनी घरच्या दोन गड्यांना बोलावलं आणि स्वतः खुर्ची टाकून समोर बसले.

मित्रांनो, राख आणि विटेचा भुगा काथ्यावर घेऊन मला घासलं. तासभर. भांडं घासतात तसं. ठिपके पुरते गेले नाहीतच, पण माझ्या अंगभर केसासारख्या बारीक हजारो रेघा उठल्या. अर्जुनराव उठून दुरून पाहत म्हणाले, "हे पाह्य, कशी चकाकते!" दुरून चकाकतच होते मी. आतून पाहायला ते एकदाही बसले नाहीत.

आतून कडूबा बसायचा. सकाळी, दुपारी कसंबसं चालून जाई. पण संध्याकाळी खामगावहून गावाकडे येताना सूर्य थेट समोर असतो. त्याचं ऊन माझ्यावर पडलं की एकेक रेघ पेटायची आणि सगळी काच पांढऱ्या उजेडाचा पडदा होऊन जायची. कडूबा मान बाहेर काढून गाडी चालवायचा. त्यानं तीनदा सांगितलं की काच बदला, नाहीतर कुणाकडून नीट घासून घ्या. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: निवडणूक झाल्यावर पाहू.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी अर्जुनराव कडूबाच्या शेजारीच बसलेले होते. गावात सभा होती आणि उशीर झाला होता. गाव कोसभर राहिलं तेव्हा कडूबानं जीप बाजूला घेऊन थांबवली.

"मालक, मले समोरचं दिसून नाही राह्यलं. दिवस बुडू द्या. दहा मिन्टं."

"दहा मिन्टं? लोक वाट पाहून राह्यले तिकडं! चाल मुकाट्यानं."

"मालक..."

"चाल म्हन्लं नं!"

तो निघाला. मुंगीच्या पायानं निघाला, तरी शेजारून "हाक, हाक" चालूच होतं. रुख्मिणी नावाची माळ्याची बाई डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेनं घरी चालली होती. ती माझ्या समोर होती. पण माझ्यातून ती दिसली नाही. काचेच्या जन्माला येऊन यापेक्षा वाईट काय घडावं! धक्का बसला, वांगी रस्ताभर झाली आणि तिची किंकाळी ऐकून कडूबानं गाडी थांबवली. तिला उचलून त्यानंच मागं निजवलं आणि जीप उलटी वळवून दवाखान्यात नेली. ती वाचली. उजवा पाय मात्र मांडीपासून मोडला होता.

आणि त्या दवाखान्याच्या दारात अर्जुनरावांनी पोलिसांना सांगितलं, "ड्रायव्हर प्यालेला होता. मी नको नको म्हनत होतो."

मला ओरडता आलं असतं तर मी फुटेपर्यंत ओरडले असते.

कडूबाला अटक झाली. पंचनाम्याला फौजदार तिसऱ्या दिवशी येणार होते, तोवर जीप अर्जुनरावांच्या अंगणात जशी आहे तशी ठेवायला सांगितली होती. पण अर्जुनराव हुशार. काच पाहिली तर फौजदार प्रश्न विचारतील, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी खामगावहून सत्यभामाबाईंना बोलावणं धाडलं. या बाई चष्म्याची भिंगं घासायच्या. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं होतं, आणि काचेवरचा ओरखडा काढावा तर त्यांनीच, असं त्यांचं नाव होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं त्या आल्या. बरोबर लिंबं, लोकरीचा जाड नमदा आणि काच घासायच्या लाल भुकटीचा डबा. "दुपारपर्यंत कोरी करून द्या," एवढं सांगून अर्जुनराव आत गेले.

आधी त्यांनी लिंबाचा रस लावून पांढरे ठिपके सैल केले आणि गोड्या पाण्यानं धुतले. मग ओल्या नमद्यावर लाल भुकटी घेऊन डावीकडून गोल गोल घासायला सुरुवात केली. हात हलका, पण थांबत नव्हता. काच तापतेय असं वाटलं की पाणी शिंपडायच्या, नखानं रेघ चाचपायच्या आणि पुन्हा घासायच्या. कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी काच म्हणून हात लावत होतं. दुपारपर्यंत डावी अर्धी बाजू जवळजवळ पहिल्यासारखी झाली.

तेवढ्यात फाटकातून कडूबाची बायको गोजरबाई आत आली. मालकांच्या पाया पडून नवऱ्याला सोडवावं म्हणून आली होती. जीपवर चाललेलं काम पाहून ती जागीच थांबली.

"काऊन घासून राह्यल्या बाई इले?"

"मालकानं सांगतलं. आज फौजदार येनार आहे म्हने."

"हेच तं माहा मानूस वरीसभर सांगत होता! दिसत नाही, दिसत नाही म्हने. आता त्याले दारुड्या केलं. त्यानं कधी थेंब नाही घेतला हो बाई!"

सत्यभामाबाईंचा हात थांबला. त्यांनी नमदा खाली ठेवला आणि चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या. न घासलेल्या उजव्या अर्ध्यातून त्यांनी बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली उतरून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

अर्जुनराव बाहेर आले. "झालं?"

"अर्धं झालं."

"बाकीचं?"

"ते आज होत नाही."

"मी काहाले बोलावलं तुमाले? घासा मुकाट्यानं!"

"मी तुमचा गडी नाही, अर्जुनराव," त्या म्हणाल्या आणि ओट्यावर जाऊन बसल्या. गोजरबाईला त्यांनी शेजारी बसवून घेतलं.

चारच्या सुमारास फौजदार आले. त्यांनी जीपभोवती फेरी मारली, चाकं पाहिली. लिहायला घेणार तोच सत्यभामाबाई उठल्या.

"साहेब, दिवस थोडा खाली येऊ द्या. गाडीचं तोंड मावळतीकडं करा आन् मंग तुमी स्वतः आत बसून पाहा."

"या बाईचं काय ऐकता साहेब!" अर्जुनराव हसत म्हणाले. फौजदार हसले नाहीत. त्यांनी जीप वळवून घेतली आणि सूर्य कलल्यावर चालकाच्या जागी बसले. गोजरबाई कुणी न सांगता वीस पावलांवर जाऊन उभी राहिली.

"समोर कुनी आहे का, साहेब?" बाईंनी विचारलं.

"उजेडच उजेड आहे नुसता."

"आता डावीकडं सरका."

फौजदार सरकले. घासलेल्या अर्ध्यातून त्यांना गोजरबाई दिसली, तिच्या लुगड्याच्या काठासकट.  उतरून त्यांनी विचारलं, "अर्जुनराव, ही अर्धीच काच आज कुणाच्या सांगण्यावरून घासली?"

 

पंचनाम्यात माझी स्थिती लिहिली गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही कडूबा प्यालेला नव्हता असं सांगितलं. तो सुटला आणि पुढे खामगावला ट्रक चालवू लागला. आणि अर्जुनराव? थोडा दंड झाला, बस. निवडणूक मात्र हरले. हरून घरी आल्याबरोबर त्यांनी मला जीपवरून उपटून काढलं आणि रस्त्याकडच्या कुंपणाला टेकवून ठेवलं. मी अजून इथेच आहे.

परवा रुख्मिणी काठी टेकत या रस्त्यानं चालली होती. अर्जुनराव फाटकात उभे होते. त्यांनी विचारलं, "पाय कसा आहे वं?"

ती थांबली. "कडूबा थांबा म्हने तवा विचाराचं होतं," ती म्हणाली आणि काठी टेकत पुढे गेली.

मित्रांनो, काचेला खारट पाणी, राख, कोरडं फडकं लावू नका. डाग पडलाच तर ज्याला त्यातलं कळतं त्याच्या हाती द्या. आणि गाडी चालवणारा माणूस "मला दिसत नाही" म्हणाला, तर तो नोकर आहे की मालक हे पाहू नका. गाडी थांबवा. तुमची दहा मिनिटं जातील. रुख्मिणीचा पाय गेला.