मुक्या कोळ्याचं वाक्य

मी कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे हं, टीव्हीला जोडून खेळायच्या खेळाची. रंग करडा, तळहातावर मावेन एवढी, पाठीला एक ओरखडा. माझा दिवा विझला की खेळ कुठवर आला ते सगळं मी विसरणार आहे, म्हणून तो चालू आहे तोवर बोलून घेते.

माझ्या पोटात एक अख्खा मुलूख आहे. अकरा गावं, एक शापित राजा, डोंगरामागे दडलेला ड्रॅगन, आणि चारशे बारा माणसं. यातल्या प्रत्येकाशी बोलता येतं. समोर उभं राहून बटण दाबायचं, की तो माणूस काहीतरी सांगतो. गोष्ट पुढे सरकली की त्यांचं बोलणंही बदलतं. पण मागे वळून कोण विचारतं?

शिओमी नावाच्या गावात धक्क्यावर एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसलेला असतो. त्याच्याशी बोलायला जावं तर पडद्यावर नुसती टिंबं उमटतात. खेळाचे अंक सात. प्रत्येक अंकात एकदा त्याच्याकडे गेलं, तर सातव्या खेपेला तो तोंड उघडतो. एक खेप चुकली की संपलं. त्याचं ते वाक्य मला पाठ आहे, माझ्याच पोटात आहे ना! पण पडद्यावर उमटल्याशिवाय आणि कुणी वाचल्याशिवाय ते बोललं गेलं असं मला वाटत नाही. ते कुणीतरी वाचावं, एवढी एकच इच्छा घेऊन मी कारखान्यातून निघाले.

माझा पहिला मालक कुरोइवा. विमा कंपनीत नोकरी, डाव्या मांडीवर नूडल्सचा वाडगा, उजव्या मांडीवर गाईड. हो, खेळाचंही गाईड मिळतं! कुठे वळायचं, कुणाला मारायचं, कुठली पेटी उघडायची, सगळं छापलेलं. कोळ्याबद्दल त्यात एकच ओळ होती: ‘या माणसाकडून काही मिळत नाही.’

नऊ दिवसांत त्याने ड्रॅगन मारला. चारशे बारांपैकी एकोणसत्तर माणसांशी बोलला, तेही मोजून कामापुरतं. सगळ्या जखमा भरून काढणाऱ्या अमृताच्या एकोणीस कुप्या त्याने ‘पुढे लागतील’ म्हणून जपून ठेवल्या. पुढे म्हणजे कधी, ते त्यालाच ठाऊक. शेवटी राजाचा शाप उतरला, सगळं गाव नाचायला लागलं, आणि हा फोन घ्यायला उठला. परत आला तेव्हा पडदा काळा झाला होता. “हं, झाला एकदाचा,” म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

पुढे हाचिनोहे बंदरात त्याची बदली झाली आणि तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी जाऊन पडले. तिथून मला उचललं किनुयो-सानने. चिदोरी-यु नावाचं सार्वजनिक न्हाणीघर ती चालवते. गिऱ्हाइकांना वेळ घालवायला शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, खेळ हवा म्हणून ती आली होती. चष्मा घरी विसरलेला. माझ्या खोक्यावर राजा आणि सैन्य दिसलं, तिला वाटलं हाच शोगीचा पट. मला खेळवायचं लाल दिव्याचं जुनं यंत्रही तिने सोबत घेतलं आणि गल्ल्यावरच्या टीव्हीला जोडलं.

“अगं, याच्यात सोंगट्या कुठायत?” पहिल्याच दिवशी हिसा-सानने विचारलं. ही बाजारात मासळी विकते आणि काम आटोपलं की अंघोळीला येते.

“सोंगट्या नाहीत. हा एकच माणूस चालतोय.”

“कुठे चाललाय?”

“मी दाबीन तिकडे.”

“मग त्या बाईकडे ने. विचार तरी, गाव कुठलं!”

आणि किनुयो-सान विचारायला गेली. तिथेच माझं नशीब उघडलं.

तीस वर्षं गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ‘आलात? थंडी आहे ना बाहेर?’ म्हणणारी बाई ती. समोर माणूस उभा आहे आणि न बोलता पुढे जायचं, हे तिला जमायचंच नाही. झाडू मारणाऱ्याशी बोलायची, कोंबड्यांमागे पळणाऱ्या पोरीशी बोलायची, दारावरची पाटीसुद्धा वाचायची. घराघरांत ठेवलेली मडकी फोडली की आतून औषधं मिळतात, असं हिसा-सान कुठूनसं ऐकून आली. किनुयो-सानने कानांवर हात ठेवले. “लोकांच्या घरात शिरून मडकी फोडायची? शी! हवं तर मागून घेईन.”

अमृताचंही तसंच. पहिली कुपी मिळाली आणि दुसऱ्याच लढाईत हिने पाजली. “दुखतंय तर प्यावं. ठेवून काय लोणचं घालायचंय?”

खेळातल्या चार वीरांना आपण नावं द्यायची असतात. पहिलं तिने स्वतःचं दिलं. दुसरं हिसा, ती जादूगारीण. लढवय्या झाला गेन-सान, स्क्विड पकडणाऱ्या होडीवर आयुष्य काढून आता निवांत झालेला म्हातारा. चौथा जखमा बांधणारा वैद्य, त्याला नाव दिलं तोकुजी. तोकुजी म्हणजे किनुयो-सानचे यजमान. मागे भट्टीत लाकडं सारत बसतात, पुढे कधी येत नाहीत. गल्ल्याच्या पाठीमागच्या भिंतीत एक झरोका आहे. बायको झरोक्यातून ‘गरम करा’ म्हणाली की पलीकडून लाकडावर एक ठोका ऐकू येतो. म्हणजे ऐकलं. नवराबायकोचा संसार त्या ठोक्यावर चाललेला.

दुपारी गर्दी ओसरली की खेळ सुरू. केस पुसत मंडळी गल्ल्यासमोरच्या बाकावर येऊन बसायची.

“काल मी मेलो म्हणे?” गेन-सान दारातूनच विचारायचा.

“वटवाघळानं मारलं तुला,” हिसा-सान सांगायची. “एवढंसं वटवाघूळ होतं!”

“आणि तू काय करत होतीस?”

“मी झोपले होते. जादूनं झोपवलं होतं मला.”

“घरी पण तेच करतेस, म्हणतो तुझा नवरा.”

वाफेने बाकावरच्या कुणालाच चष्म्यातून काही दिसायचं नाही, म्हणून किनुयो-सान पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचायची. अंक संपला की बाई उलट्या पावली मागच्या गावांत जायची, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायला. एकदा ओरडली, “अगं बाई, त्या सरायवाल्याच्या मुलीचं जमलं!” लगेच बायकांच्या हौदातून आवाज आला, “कुणाशी गं?” अख्खं न्हाणीघर थांबलं होतं उत्तरासाठी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ते वाक्य लिहिणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं.

आणि शिओमीचा कोळी? प्रत्येक अंकात ती त्याच्याकडे गेली. टिंब टिंब. पुन्हा गेली. टिंब टिंब.

“सोड की त्याला,” गेन-सान म्हणायचा. “मुका आहे तो.”

“असेना. मुक्या माणसाची मला सवय आहे,” असं म्हणून ती झरोक्याकडे बघायची.

अशी चार वर्षं गेली. सहा अंक झाले, कोळ्याकडच्या सहा खेपा झाल्या. एकच उरली होती. मी दिवस मोजत होते. माझ्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी आहे. खेळणारा कुठवर आला, हे तिच्या जोरावर माझ्या लक्षात राहतं. ती थकत चालली होती, आणि हे मला कुणाला सांगताही येत नव्हतं.

त्या दिवशी किनुयो-सानची दाढ ठणकत होती. गल्ल्यावर गेन-सानला बसवून ती डॉक्टरकडे निघाली. “बंद करताना हे बटण आधी दाबून धर, मग ते दुसरं ढकल. पहिलं सोडायचं नाही, बरं का. नाहीतर पुसलं जातं सगळं.”

“चार वर्षं बघतोय मी. जा तू.”

गेन-सान नुकताच हौदातून बाहेर आला होता. तासभर गरम पाण्यात बसून बोटं मनुक्यांसारखी सुरकुतलेली, वर ओली. हे इथल्या माणसांच्या बाबतीतच घडू शकतं. त्याने पहिलं बटण नीट दाबलं, दुसऱ्याकडे हात नेला, आणि ऐन वेळी दाबलेलं बोट सटकलं.

मला एक झटका बसला. त्यानंतर पोटातल्या चार वीरांची नावंसुद्धा मला आठवेनात.

संध्याकाळी पडद्यावर पाहिलं तर पाटी कोरी. गेन-सानने फरशीला कपाळ टेकवलं आणि उठेचना. किनुयो-सानचा गाल सुजलेला, डोळे भरलेले. ती एवढंच म्हणाली, “ऊठ रे. फरशी गार आहे.” मग मला टॉवेलात गुंडाळून तिने त्या खणात टाकलं जिथे गिऱ्हाइकांच्या विसरलेल्या वस्तू राहतात. फण्या, एक कवळी, आणि मी. आठ दिवस तिने खणाकडे पाहिलं नाही. गेन-सान तर लाजून दुसऱ्या न्हाणीघरात जायला लागला.

नवव्या दिवशी दुपारी झरोका उघडला.

“सरायवाल्याच्या मुलीचं लग्न दुसऱ्या अंकात,” आतून तोकुजी बोलले. “पूल बांधून झाल्यावर.”

किनुयो-सान दचकली. “काय?”

“कोंबडीवाली पोर तिसऱ्या अंकात बेकरीत लागते. किल्ली लोहाराच्या बायकोकडे असते, पण आधी तिच्या आईची विचारपूस करायची, तरच देते. चौथ्यात आधी उत्तरेला जायचं. गेल्या वेळी तू दक्षिणेला गेलीस आणि गेन तीनदा मेला.”

“अहो, चार वर्षांत हूं नाही की चूं नाही!”

“तू वाचत होतीस ना,” तोकुजी म्हणाले. “मधे कशाला बोलायचं?”

किनुयो-सान झरोक्यापासून वळली. मग खण उघडला, मला बाहेर काढलं, फुंकर मारली. आणि हिसा-सानला गेनकडे पिटाळलं. “त्याला सांग, लढवय्या नसेल तर ड्रॅगन काय मी एकटीनं मारू?”

पुन्हा सुरुवात झाली. नावं पुन्हा तीच. पण दुसऱ्याच सकाळी पडदा परत कोरा.

“मी हातसुद्धा लावला नाही!” गेन-सान ओरडला.

नव्हताच लावला बिचाऱ्याने. माझी बॅटरी संपली होती. दुकानदाराने सांगितलं, नवी बसवता येईल, पण पोट उघडावं लागेल. जमलं तर जमलं. “नको,” किनुयो-सान म्हणाली. “आधी गोष्ट पुरी करू. मग हिचं ऑपरेशन.”

आणि या लोकांनी काय केलं? मला बंदच केलं नाही! बटणावर कागद चिकटवला: ‘हात लावू नये. आतमध्ये माणसं आहेत.’ मी दिवसरात्र तापून निघतेय, गेन-सान पुठ्ठ्याने वारा घालतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तोकुजी येऊन लाल दिवा बघून जातात. झरोक्यातून वाट सांगायचं काम त्यांचं. तरी किनुयो-सान घाई करत नाही. वाटेतल्या एकालाही तिने वगळलेलं नाही, आणि तोकुजीही ‘पुढे चल’ म्हणत नाहीत. ती वाचते, ते ऐकतात. फक्त आता मधेमधे बोलतात.

आज एकोणतिसावा दिवस. सातवा अंक लागलाय. अंगात अशी कणकण आहे की केव्हा डोळे मिटतील सांगता येत नाही. तुमच्या हाती माझ्यासारखी कुणी आली, तर बाबांनो, गाईड मागाहून उघडा. दारातल्या म्हातारीला काय झालंय ते आधी विचारा. आणि औषध वेळेवर प्या.

थांबा. किनुयो-सान शिओमीत शिरली.

धक्क्यावरून चालत निघालेत चौघं. कोळी जाळं सांधतोय. बटण दाबलं. टिंब टिंब.

“हात् तिच्या!” हिसा-सान म्हणाली.

पण टिंबं सरकली, आणि खाली अक्षरं उमटायला लागली. किनुयो-सानने ती मनातल्या मनात वाचली. पदराने नाक पुसावं तसं तिने गळ्यातल्या टॉवेलाने पुसलं.

“काय म्हणाला?” झरोक्यातून तोकुजी.

“इकडे येऊन वाचा.”

पलीकडे लाकूड खाली पडल्याचा आवाज झाला. मागचं दार वाजलं. आणि काजळीने काळे झालेले तोकुजी, तीस वर्षांत पहिल्यांदा, धंद्याच्या वेळी भट्टी सोडून पुढे आले. डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत त्यांनी मोठ्याने वाचलं:

“‘दर वेळी उभ्या उभ्या काय विचारता? बसा की.’”

आणि पडद्यावरचे चौघं बसले. हजार लढाया लढले, अकरा गावं पालथी घातली, पण अख्ख्या खेळात ते कुठेच बसत नाहीत, फक्त इथे. कोळी पुढे काही बोलत नाही. बक्षीस नाही, किल्ली नाही. मागे नुसता समुद्र हलतो. जोवर तुम्ही बटण दाबत नाही तोवर ते बसून राहतात.

किनुयो-सान गल्ल्यावर जरा सरकली. तोकुजी तिच्या शेजारी बसले. बाकावर गेन-सान, हिसा-सान. कुणीच बटण दाबेना. मला वाटलं, आता दिवा विझला तरी चालेल. खरंच चालेल.

बऱ्याच वेळाने पुरुषांच्या हौदातून कुणीतरी ओरडलं, “अहो, पाणी गार झालं! भट्टीवर कुणी आहे की नाही?”

तोकुजी उठायला लागले, तर गेन-सानने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“थांबा जरा!” तो आतल्या दिशेने ओरडला. “आम्ही बसलोय.”