चार बोटं खाली

मित्रांनो, सन एकोणीसशे चौऱ्याहत्तरमध्ये मी चार बोटं खाली घसरले आणि कायमची तिथेच राहिले. आज मी एक जुनी, कुरकुरणारी फिरती खुर्ची आहे. तेव्हा मात्र ऐन उमेदीत होते.

माझा जन्म सुताराच्या कारखान्यातला. बैठक आणि पाठ पक्क्या लाकडाची, पाय लोखंडाचे आणि मधोमध आटे पाडलेला जाड दांडा. बैठक एका बाजूला फिरवली की मी उंच होई, उलट फिरवली की बुटकी. "बसेल त्याच्या मापाची हो," असं म्हणून सुताराने माझ्या पाठीवरून शेवटचा हात फिरवला.

ज्या कचेरीत मी गेले, तिथे मात्र मापाचं कोणाला पडलं नव्हतं. तिथली रीतच न्यारी. कोणाला बढती मिळाली की सगळे जमायचे आणि प्रत्येकजण एकेक फेरा देऊन त्याची खुर्ची वर चढवायचा. एकदा चढलेली खुर्ची पुन्हा कोणी उतरवत नसे. त्यात कमीपणा वाटे. साहेब तर इतके उंच बसत की त्यांचे गुडघे टेबलाच्या खणाला घासत.

माझ्यावर बसे ती टंकलेखन करणारी एक ठेंगणी बाई. चणीवरून सगळे तिला चिमणीबाई म्हणत. बरीच वर्षं खपल्यावर तिला मुख्य टंकलेखिकेची जागा मिळाली. त्या जागेवर याआधी एकही बाई बसली नव्हती. हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या मनात तिथे त्यांचा भाचा होता. तरी हसत हसत सगळ्यांत जोरदार फेरा त्यांनीच दिला.

"बाई, आता जमिनीवर पाय ठेवायचे नाहीत हं!"

आणि खरंच, तिचे पाय जमिनीला पोचेनात. माझ्या कडेने तिच्या मांड्या दाबल्या जात, पायांना मुंग्या येत. तोल सावरायला ती पुढे सरके आणि यंत्रावर मान वाकवून बसे. माझी पाठ तिच्यामागे नुसतीच उभी. दुपार झाली की ती कंबर धरून उठायची. पुढे पुढे तर बोटंही आखडू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हे काम सोडा.

"तब्येतीपुढे जागेचं काय एवढं?" साहेब म्हणाले.

"माझा भाचा रिकामाच आहे," भाऊसाहेबांनी लगेच जोडलं.

"महिनाअखेरपर्यंत बघते," बाई म्हणाली. आणि आखडलेली बोटं चोळत ती पुन्हा यंत्राकडे वळली.

आणि एका सकाळी ती बसताक्षणीच मी 'खर्रर्र' करून खाली घसरले. मी हे मुद्दाम केलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण माझे आटे झिजले होते, एवढंच खरं.

खोलीभर हशा पिकला. "अरेरे, बाई उतरल्या की! चला रे, चढवा त्यांना," भाऊसाहेब पुढे आले.

"थांबा. हात लावू नका."

बाईचे दोन्ही तळपाय जमिनीवर टेकले होते. ती हळूच मागे सरकली आणि पहिल्यांदाच तिची पाठ माझ्या पाठीला लागली. कोपर यंत्राच्या बरोबरीला आले. तिने कागद चढवला आणि अख्खं पान टंकून काढलं.

"अहो, पण तुमची जागा काय, तुम्ही बसता कुठे!" भाऊसाहेब म्हणाले.

"वर तुम्ही बसा, भाऊसाहेब. मला काम करायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने लोहाराला बोलावलं. "इथेच डाग देऊन दांडा पक्का जोडून टाका."

"मग ती पुन्हा वर जायची नाही, बाई," साहेबांनी बजावलं.

"मलाही जायचं नाहीये."

दुखणं काही एका रात्रीत गेलं नाही. पान बदलताना उभं राहायची, मान सैल करायची सवय तिने लावून घेतली. हळूहळू बोटं मोकळी झाली. भाच्याला ती जागा काही मिळाली नाही.

त्याने पुढे कापडाचं दुकान काढलं आणि दिवसभर उभा राहू लागला. भाऊसाहेब निवृत्त झाले ते मानदुखीचा पट्टा गळ्यात घालूनच. साहेबांनी एकदा सगळे गेल्यावर आपली खुर्ची गुपचूप उतरवली. ते फक्त मी पाहिलं. बाई त्याच जागेवरून ताठ पाठीने निवृत्त झाली. नंतर मी कोणाच्याच मापाची उरले नाही. अडगळीत धूळ खात पडले. शेवटी मोडीत काढलं, तेव्हा बाईनेच मला घरी नेलं.

आता माझ्यावर तिची नात अभ्यासाला बसते. तिच्यासाठी मी एवढी उतरूनही उंचच आहे. मला उतरवता येत नाही, म्हणून आजीने नातीच्या पायांखाली एकावर एक लाकडी फळ्या ठोकून दिल्या आहेत. पोर वाढेल तशी एकेक फळी ती काढते. मित्रांनो, तुम्हीही बसाल तिथे आधी खाली बघा. आमच्या घरी नातीचा अभ्यास सुरू होण्याआधी आजी रोज एवढंच विचारते,

"टेकले का गं पाय?"