भिजत घातलेले अच्युतराव

अच्युतराव खांबेटे यांना पहिल्यांदा दोन तास कोमट पाण्यात भिजत घातलं, तेव्हा त्यांच्यातून सातारा निघाला. टबातलं पाणी पिवळसर झालं. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी ते मोरीत ओतलं आणि विचारलं, "बालपण कुठे गेलं हो तुमचं?"

"कुणास ठाऊक."

"निघालं म्हणायचं."

त्याआधी घरात फक्त भाज्या भिजायच्या. अच्युतरावांच्या किडन्यांनी राजीनामा न देताच काम बंद केलं होतं. आहारतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं होतं, बटाटा सोला, चिरा, कोमट पाण्यात ठेवा. जास्तीचं पोटॅशियम पाण्यात उतरतं, ते पाणी ओतून द्या. कुमुदिनीबाईंनी चार महिने गाजरापासून भोपळ्यापर्यंत सगळं भिजवलं. रिपोर्टातला आकडा हलेना. जास्तीचं भाजीत नाही, माणसातच आहे, हे मग त्यांच्या लक्षात आलं.

साताऱ्यानंतर आकडा पाच पूर्णांक नऊवरून पाच पूर्णांक सहावर आला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "बारीक चिरता ना?"

"नाही, अख्खेच ठेवते."

"मग वेळ वाढवा."

पुढच्या आठवड्यात जिल्हा परिषदेतली एकतीस वर्षं निघाली. पाणी शाईसारखं झालं आणि मोरी तुंबली. मग थोरले भाऊ निघाले. मग शीळ वाजवणं, शेंगदाण्याची चटणी, दत्ताची आरती. अच्युतरावांना कशाचंच वाईट वाटलं नाही. वाईट वाटणं बहुतेक चटणीबरोबरच गेलं होतं. शेजारी म्हणायचे, तब्येत सुधारली हो तुमची.

आकडा पाच पूर्णांक दोन झाला. पाचाच्या आत आला, की डायलिसिस टळणार होतं.

त्या दिवशी कुमुदिनीबाईंनी टब भरला. "अहो, बसा. पाणी निवतंय."

"आज राहू दे गं."

"का?"

"काही उरलं नाहीये आता."

"उरलंय. रिपोर्टात दिसतंय की. काय दडवून ठेवलंय एवढं?"

एकच गोष्ट उरली होती. कराडच्या स्टँडवर, गर्दीतून हात उंच करून, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून दोघांची जागा धरणारी बावीस वर्षांची कुमुद. हे सांगितलं असतं, तर तिने टब तसाच रिकामा केला असता आणि मग आकडा उतरला नाही म्हणून आयुष्यभर स्वतःलाच बोल लावला असता. अच्युतरावांनी लेंगा वर केला.

"तू बस ना इथेच," ते म्हणाले.

"बसलेच आहे. कुठे जाणारे मी?"

दोन तास ती स्टुलावर बसून पडवळ चिरत होती आणि ते तिच्याकडे बघत होते. या वेळी पाण्याला रंग आला नाही. फक्त ते थरथरत राहिलं, इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीसारखं.

कुमुदिनीबाईंनी त्यांचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग टब मोरीच्या काठावर कलता केला.

अच्युतराव उठले, मोरीत गुडघ्यांवर बसले आणि जाळीवर तळहात दाबून धरला.

"अहो, काय करताय?"

"बाई," ते अदबीने म्हणाले, "जरा थांबता का? का ते मला सांगता येणार नाही."

टब तोवर रिकामा झाला होता. पाणी जाळीभोवती फिरलं, त्यांच्या मनगटावर चढलं, मोरीचा काठ ओलांडून बाहेर आलं. कुमुदिनीबाईंनी साडी घोट्यावर उचलून धरली. पाय मात्र मागे घेतले नाहीत.