बंदूक माणसात धरायची

मी सुजयची बंदूक बोलतेय. घाबरू नका, माझ्यानं कुणी मरत नाही. माझ्या पोटात दारू नाही, बॅटरी आहे. मी उडवते ते वाटाण्याहून लहान प्लास्टिकचे छर्रे. मुंगळा चावल्यासारखे लागतात, बस्स.

माझं कूळ जपानचं. तिथं साध्या माणसाला खरी बंदूक सहजी बाळगता येत नाही, म्हणून पन्नासेक वर्षांपूर्वी हौशी लोकांनी माझ्यासारख्या बंदुका घेऊन लुटुपुटीच्या लढाया सुरू केल्या. याच खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. तो जग फिरला, मुंबई-पुण्याला आला आणि मोबाईलमधून डोलवीच्या पोलाद कंपनीत कंत्राटावर असलेल्या सुजयच्या डोक्यात शिरला. त्यानं मला पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुनी घेतली.

पेणच्या घरी मला पिशवीतून काढलं तेव्हा त्याची आई गिरजाबाई ओरडली, "दरोडा घालाचा हाय काय रं?"

धाकट्या निकेशनं माझ्याकडे पाहिलं ते सवतीकडे पाहावं तसं. तोवर रविवारी दोघं भाऊ अंबा नदीवर गळ टाकायला जायचे. मी आले आणि गळ माळ्यावर गेला.

पण जळत काय तो एकटाच होता? सुजय माझी नळी पुसायला बसला की बोलायचा फक्त निकेशबद्दल. निक्या असा पोहतो, निक्या असा हसतो. हातात मी आणि तोंडात तो!

निडी गावाजवळच्या बंद भातगिरणीत आमचा खेळ चालायचा. सुरुवातीला चारच जणं होती. गावातली माणसं विचारायची, "कुठल्या पिक्चरचं शूटिंग हाय?" पुढे रोह्याची, नागोठण्याची पोरं आली. काही तर शिफ्ट सुटली की थेट यायची, डोळे तांबारलेले, पण तोंडावर मुखवटा चढवला की ताजी.

या खेळात पंच नसतो. ज्याला छर्रा लागला त्यानंच हात वर करून 'हिट' म्हणायचं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचं. काही ठिकाणी बंदुकीला लागलेलं मोजत नाहीत. सुजय मोजायचा, बंदुकीला लागलं तरी खेळणारा बाद. "बंदूक माणसात धरायची," असं त्यानं ठणकावून सांगितलं, तेव्हा मला केवढं सुख झालं होतं!

मग वडखळजवळ त्याची मोटारसायकल घसरली. सुजय घरी परत आला नाही.

महिन्याभरानं रोह्याची सुरभी घरी आली. सुजयनंतर खेळ तीच सांभाळत होती. ती म्हणाली, "निकेश, बंदूक ठेवायची नसेल तर आमाला दे. त्याची आठवण म्हणून गिरणीत लावू."

"एक डाव खेळतो, मग बघू," निकेश म्हणाला. पण वाटेत माझ्याशी बोलला ते वेगळंच. "त्याच्या दोस्तांना आज फोडतो, नि मग तुला नदीत टाकतो. माजे रविवार खाल्लेस तू."

गिरणीत तो नुसता धावत सुटला. आडोसा नाही, नेम नाही. एक छर्रा खाडकन माझ्यावर आदळला. निकेश थांबला नाही. त्यानं भिंतीआडून येणाऱ्या सुरभीच्या खांद्यावर छर्रा मारला.

सुरभीनं हात वर केला. "हिट! पण तू आधीच मेला होतास. आवाज आला मला."

"मला कुठं लागला? बंदुकीला लागला."

"तेच तर. बंदूक माणसात धरायची. तुझ्या भावाचाच नियम हाय."

निकेशचा आवाज फाटला. "हिला माणसात धरला? नि मला एकदा पन इथं आनला नाय! का नाय आनला गो?"

"ते मला नाय माहीत रे," सुरभी हळूच म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

मग मला छातीशी धरून निकेशनं दुसरा हात वर केला. "हिट," म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

डाव संपला. ओट्यावरची पोरं उठली. सुरभीनं हाक मारली, "चला, नवा डाव! मेलेले सगळे जिते झाले!"

"सगळे?" निकेश म्हणाला.

सुजय गेल्यापासून निकेश रडला नव्हता. आता माझ्यावर डोकं टेकून तो मोठ्यानं रडला.

मी अजून त्याच्या मांडीवर आहे. तो मला सुरभीला देईल, नदीत टाकेल की जवळ ठेवेल, मला माहीत नाही. निकेश, एवढंच ऐक. तो तुझा होता तसा माझाही होता. मला दूर करू नकोस. तुला निदान रडता तरी येतं. मला त्याचासुद्धा हेवा वाटतो.