न दिसलेल्या अकरा चुका

साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं त्या प्रुफं तपासत होत्या. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ वेलांटी पडली, की ती भातातल्या खड्यासारखी त्यांच्या दाताखाली यायची. "काय वाचताय?" असं कोणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "वाचत नाही, तपासतेय."

एका सोमवारी संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं. 'नुकतंच वाचलेलं' हे सदर लिहिणारे गृहस्थ जिन्यावरून घसरले होते आणि मनगट मोडून घरी बसले होते.

"या वेळी तुम्हीच लिहा," संपादक म्हणाले. "या इमारतीत तुमच्याइतकं वाचतं कोण? एक कादंबरी, एक कथासंग्रह, एक कॉमिक. गप्पा मारल्यासारखं लिहायचं. काय आवडलं, काय नाही आवडलं. पुढच्या गुरुवारपर्यंत द्या."

"पण मला कुठे काय आवडतं?"

संपादकांना तो विनोद वाटला. ते हसले आणि वाजणारा फोन उचलला. बाई तिन्ही पुस्तकं छातीशी धरून बाहेर आल्या.

घरी मात्र मतांना तोटा नव्हता. बाईंचे मिस्टर लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांनी कादंबरी तळहातावर तोलून पाहिली आणि म्हणाले, "फुगवलीय. शंभर पानं कमी चालली असती."

"अहो, न वाचताच?"

"लिफ्टचा नुसता आवाज ऐकून मी बिघाड सांगायचो. खोलून बघावं लागलं नाही कधी."

शिकायला त्यांच्याकडे राहिलेली भाची होती. तिच्याकडे दोनच मतं असत. एक 'भारी' आणि दुसरं 'डोक्यात गेलं'. पण तीही मिनिटाभरात खात्रीने सांगून मोकळी व्हायची. बाईंना दोघांचा हेवा वाटला.

त्यांनी कादंबरी चार दिवसांत संपवली. बावीस चुका निघाल्या. नायक शेवटी बायकोला सोडून जातो ते बरं केलं की वाईट? बाईंनी पुस्तक मिटून स्वतःलाच विचारलं. आत सगळी सामसूम. कथासंग्रहात नऊ चुका, आणि पुन्हा तीच सामसूम.

बुधवार उजाडला तरी कागद कोरा होता. दुपारी कुकर लावून त्यांनी ओट्यापाशी उभ्याउभ्याच कॉमिक उघडलं, दोनेक पानं होतील म्हणून. एक जुनं टेलिफोन एक्स्चेंज बंद होणार असतं, तिथली म्हातारी ऑपरेटर शेजारच्या खुर्चीवरच्या जुन्या सोबतिणीबरोबर शेवटच्या दिवसाचे फोन जोडून देत असते आणि शेवटी दिवे मालवून एकटीच निघून जाते, एवढीच गोष्ट. कोणी डॉक्टरला बोलावतंय, कोणी भांडतंय, कोणी फोन लावून नुसतंच गप्प बसलंय. एका पानावर एकही शब्द नव्हता. नुसता तिचा हात, आणि कोणाचा तरी फोन तोडावा की नाही म्हणून हवेत थांबलेली बोटं. त्या पानावर बाई बराच वेळ होत्या. शिट्ट्या किती झाल्या ते कळलं नाही. मिस्टरांनी आत येऊन गॅस बंद केला तेव्हा त्या शेवटच्या पानावर होत्या आणि पाय भरून आले होते. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल अंबाड्यातच होती.

त्यांनी हुश्श केलं. निदान एक वाक्य तरी मिळालं. त्यांनी लिहिलं, 'या पुस्तकात एकही चूक नाही.'

संध्याकाळी भाचीने कॉमिक चाळलं आणि ती खुदकन हसली. "मामी, हे काय! 'दूर' ऱ्हस्व लिहिलंय. आणि हे बघ, 'आठवन'. 'पाउस'. तू तपासलंस ना?"

दोघींनी मिळून मोजल्या. अकरा निघाल्या. 'आठवन' तर बोटभर जाड अक्षरात होतं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

गुरुवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी त्यांनी डोळ्यांचा दवाखाना गाठला.

"नंबर तोच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळे उत्तम आहेत."

"मग मला दिसल्या कशा नाहीत?"

"काय दिसलं नाही?"

"वेलांट्या. आणि उकार."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बॅटरी मारून पाहिली. मग काहीतरी द्यायला हवं म्हणून थेंब लिहून दिले.

कचेरीत पोचून बाईंनी मनगट मोडलेल्या गृहस्थांना फोन लावला. "मला एक सांगा, एखादं पुस्तक आवडलंय हे तुम्हाला कळतं कसं?"

"बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? मी पहिली तीस पानं वाचतो आणि शेवटची दहा. मधलं मोघम लिहितो."

"पण आवडणं?"

"ते लेखक ओळखीचा आहे का, त्यावर असतं."

फोन ठेवल्यावर बाईंचा गोंधळ दुप्पट झाला. याच माणसाचे स्वल्पविराम त्या अठ्ठावीस वर्षं निगुतीने सांभाळत आल्या होत्या. दुपार होत आली, संपादक दोनदा दारातून डोकावून गेले. शेवटी त्यांनी झालं ते तसंच लिहिलं. कादंबरीत बावीस चुका, कथासंग्रहात नऊ, सगळ्या सापडल्या. कॉमिकमध्ये अकरा, एकही सापडली नाही. डोळे तपासून घेतले आहेत. याचा अर्थ काय ते मला समजलेलं नाही, कोणाला समजल्यास कळवावं.

संपादकांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि छापायला पाठवलं.

अंक निघाल्यावर तिसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. आवाज तरुण होता. "ते टेलिफोनवालं कॉमिक मी काढलंय. अक्षरंही माझीच. चुकांबद्दल माफ करा. मला एकच विचारायचं होतं, शेवट पटला का तुम्हाला?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

"का?"

"अशी कशी जाईल ती? दिवे मालवून एकटीच? शेजारच्या खुर्चीवर तीस वर्षं बसलेली बाई आहे ना! तिला 'येते गं' म्हटल्याशिवाय ती पायरी उतरायची नाही."

"पण तिला बोलायचंच नसेल तर? दिवसभर दुसऱ्यांचंच ऐकून—"

"म्हणूनच बोलेल! तुम्ही कधी एका खुर्चीत तीस वर्षं बसलायत?"

"नाही. माझी आई बसलीय. ती न बोलता निघून आली होती."

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या आईचंही चुकलंच."

पलीकडून हसू ऐकू आलं, मग पुन्हा वाद सुरू झाला. पुढच्या अंकाची प्रुफं टेबलावर पडून होती. पुस्तक आवडलंही आणि शेवट अजिबात पटला नाही, दोन्ही एकाच वेळी कसं, हे कोणाला विचारावं ते बाईंना कळत नव्हतं. पण आवाज चढला होता, शेजारच्या टेबलावरचे लोक माना वळवून बघत होते, आणि फोन ठेवायची त्यांना मुळीच घाई नव्हती.