पावरीशेजारी गिटार

भावाच्या लग्नात आशा गावितने आपली गिटार डीजेच्या स्पीकरला जोडली. त्या दिवसानंतर तिच्या वडिलांनी तिच्यासोबत पावरी वाजवली नाही.

लग्न सुरगाण्याच्या पुढे, डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावर होतं. आशाचे वडील हिरामण पंचक्रोशीतला नावाजलेला पावरीवाला. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंगाचं तोंड असलेलं ते लांब वाद्य गाल फुगवून वाजवायचं असतं आणि सूर मध्ये तुटू द्यायचा नसतो. वय झालं तरी हिरामणचा सूर तुटत नसे. आशाला वाटलं होतं, बापलेकीनं मिळून वाजवावं. पण तिने तार छेडली आणि पावरी ऐकूच येईनाशी झाली. लोक नाचत राहिले. हिरामणने थोडा वेळ जोर लावून पाहिला, मग पावरी तोंडापासून काढली, घोंगडीत गुंडाळली आणि म्हाताऱ्यांच्या ओळीत जाऊन बसला. रागावला नाही. पुढे आशाने जेव्हा जेव्हा विचारलं, बा, परत बसू या का, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुझं तू वाजव, बाई. लय चांगलं वाजवतेस."

त्यातलं दुसरं वाक्य तिला जास्त लागायचं.

आशा नाशिकला एका शाळेत गणित शिकवायची, इंदिरानगरात भाड्याच्या खोलीत राहायची आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये वाजवायची. वडिलांसोबत पुन्हा वाजवायचंच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पावरीला माइक लावून पाहू, असं तिने एकदा सुचवलं, तर हिरामण म्हणाला होता की माइकमधली पावरी त्याला स्वतःची वाटत नाही. म्हणजे जे काही बदलायचं ते गिटारच्या बाजूनं. पावरीची पट्टी बदलता येत नाही, म्हणून तिने फोनवर रेकॉर्ड केलेली पावरी लावून गिटारच्या तारा थोड्या उतरवल्या. सूर जुळला. आवाज मात्र जुळेना. तिचा ट्रान्झिस्टरचा छोटा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारी पेटी, बारीक ठेवला की रिकामा डबा वाजवल्यासारखा कोरडा लागायचा आणि मोठा केला की सरळ पावरीच्या अंगावर जायचा. अधलंमधलं काहीच नाही.

बँडमधल्या ललितने तिला माजिदा शेख यांचं नाव सांगितलं. माजिदा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या आणि जुन्या नाशकातल्या आपल्या घराच्या माडीवर जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प बनवायच्या. विकण्यासाठी कमी, हौसेसाठी जास्त. आशा एका रविवारी गिटार पाठीला लावून तो अरुंद जिना चढली.

माजिदांनी सगळं शांतपणे ऐकलं, फोनवरची पावरी दोनदा लावायला सांगितली. मग समजावलं, की ट्रान्झिस्टर एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो. व्हॉल्व्हचं तसं नसतं. हळू छेडलं तर आवाज स्वच्छ, जोर लावला तर त्याला हळूहळू खर, म्हणजे किंचित खरखर, येते. पावरीच्या आवाजातही खर आहे, तेव्हा तिच्याशेजारी व्हॉल्व्हच बसेल. पण ती खर यायला व्हॉल्व्हवर भार पडावा लागतो. मोठ्या अ‍ॅम्पवर तो पडेपर्यंत घर हादरतं. हे दाखवायला त्यांनी एक मोठा अ‍ॅम्प चालू केला. आवाज असा भरदार आला की आशाच्या अंगावर काटा आला, आणि खालचे शेजारी काय झालं म्हणून विचारायला वर आले.

मग त्यांनी एकाच पॉवर व्हॉल्व्हचा लहान अ‍ॅम्प जोडला. त्याला कमी आवाजातही खर होती, पण आशाच्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारी चुंबकं, जाड आवाजाचे होते. त्या अ‍ॅम्पवर गिटार घोगरी झाली, आणि तिचा सगळा घोगरेपणा नेमका पावरी जिथे घुमते तिथेच येऊन बसला. माजिदांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की या गिटारचं आणि या अ‍ॅम्पचं जमणार नाही. पातळ आवाजाची गिटार घे, काम सोपं होईल.

"गिटार हीच राहील," आशा म्हणाली. "माझा हात हिच्यावर बसलाय. मॅडम, अ‍ॅम्पचं काय करता येईल ते सांगा. कितीही वेळ लागू दे."

माजिदांनी सोल्डरिंग आयर्न तापायला ठेवलं.

त्यानंतरचे रविवार त्या माडीवरच गेले. माजिदांनी कपॅसिटर बदलून खालचा खर्ज कापला. एक स्पीकर काढून दुसरा लावला. आशाने पेचकसाने पिकअप तारांपासून खाली घेतले, त्यामुळे गिटार अ‍ॅम्पला कमी ढकलू लागली. प्रत्येक बदलानंतर फोनवरची पावरी लावायची आणि तिच्यासोबत वाजवून बघायचं. कधी सुधारायचं, कधी आधीचंच बरं होतं असं वाटायचं. एका दुपारी मात्र दोन्ही आवाज शेजारी शेजारी बसले. आशा खूश झाली. माजिदा झाल्या नाहीत. फोनमधली पावरी आपण हवी तेवढी मोठी करतो, त्या म्हणाल्या, खरी पावरी समोर असते तेव्हा किती मोठी असते? लहानपणापासून ऐकलेला आवाज, पण तो किती, हे आशाला सांगता येईना.

वडील नाशिकला येणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने अ‍ॅम्पच पाड्यावर न्यायचं ठरवलं. घाटातल्या खड्ड्यांत व्हॉल्व्ह टिकतील का, ही माजिदांची काळजी. शेवटी अ‍ॅम्प गोधडीत गुंडाळला, आशाने तो मांडीवर घेतला आणि माजिदांनी गाडी इतकी सावकाश चालवली की मागून येणाऱ्या जीपा वैतागून पुढे जात होत्या.

आशाच्या आईने, भागीबाईने, चहा केला, पाहुणीला नागलीची भाकरी खायला लावली. हिरामणने माजिदांना हात जोडले, वाट कशी होती विचारलं. गोधडीतून निघालेली पेटी पाहून तो खळ्यावर गेला आणि भाताचे भारे रचू लागला.

ओसरीवर अ‍ॅम्प लावला तेव्हा वरचा पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता आली असती. माजिदांनी मीटर लावून व्होल्टेज पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. व्हॉल्व्ह धड तापतसुद्धा नव्हते. एवढ्या कमी दाबावर खरा आवाज कळणार नाही, शिवाय असं फार वेळ चालवणं व्हॉल्व्हला चांगलं नाही, असं त्या म्हणाल्या. थोडा वेळ चालेल का, आशाने विचारलं. थोडा वेळ चालेल.

तिने हिरामणचीच एक चाल घेतली. आवाज नाशिकपेक्षा लहान आला. पण त्याची धार गेली होती, आणि हलक्या हाताने छेडलं तरी त्यात पावरीसारखी खर येत होती. प्लग काढायला पुढे गेलेला माजिदांचा हात तिथेच थांबला.

चाल संपायच्या आत हिरामण खळ्यावरून ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला होता. त्याने पेटीकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"आवाज आता ऐकण्यासारखा हाय," तो म्हणाला. "पण तू तशीच वाजवतेस."

"तशीच म्हणजे?"

"मधी थांबतच नाय. लग्नात पण नाय थांबलीस. मी शिरू कुठं?"

एवढे महिने आशाने कपॅसिटर बदलले, स्पीकर बदलले, पण या गोष्टीचा विचार तिने केला नव्हता. माइक, डीजे, अ‍ॅम्प यांच्यावर ती सगळं ढकलत आली होती. हिरामण घरात निघून गेला. तिने चाल पुन्हा सुरुवातीपासून घेतली आणि अर्ध्यावर हात तारांवर ठेवून थांबली. ती रिकामी जागा तिला सहन होईना, बोटं आपोआप पुढचा सूर शोधू लागली. तिने ती दाबून धरली. मग पुढचा तुकडा वाजवला आणि पुन्हा थांबली. या खेपेला आतल्या खोलीतून पावरी आली.

हिरामण वाजवत वाजवतच बाहेर आला आणि पायरीवर बसला. दोघांनी ती चाल पूर्ण केली, लगेच दुसरी घेतली. भागीबाई दारात पदराला हात पुसत उभी होती. तेवढ्यात पंखा भरभर फिरू लागला. व्होल्टेज वाढलं, अ‍ॅम्प मोठा आणि कडक झाला, आणि पावरी त्याच्याखाली गेली. आशाने गिटारवरचं आवाजाचं बटण घाईने खाली केलं, तर आवाजाबरोबर खरही गेली. हिरामणने पावरी तोंडापासून काढली. आता हा उठून जाईल, या भीतीने आशा त्याच्याकडे बघत राहिली.

"मघाचा होता, तो आण," तो म्हणाला.

"आणते, बा," आशा म्हणाली.

परतीच्या वाटेवर माजिदा पूर्ण वेळ त्या कमी व्होल्टेजबद्दलच बोलत होत्या. व्हॉल्व्ह तापवणारा पुरवठा पूर्ण ठेवायचा आणि आवाज काढणाऱ्या भागाचा तेवढा उतरवायचा, म्हणजे व्हॉल्व्हही टिकतील आणि तो आवाज कुठेही मिळेल. बोलायला सोपं होतं. पहिल्या प्रयत्नात एक रेझिस्टर जळून माडीभर वास पसरला. दुसऱ्यात अ‍ॅम्प माशी अडकल्यासारखा घुमायला लागला. माजिदा म्हणाल्या, आज राहू दे, थकलीस. आशा म्हणाली, वह्या तपासायचं काम मी इथेच बसून करते, तुम्ही चालू ठेवा.

भात झोडून झाल्यावर एके दिवशी हिरामण एसटीने स्वतःच नाशिकला आला. घोंगडीत गुंडाळलेली पावरी त्या जिन्याच्या वळणावर अडकली, ती आशाने वरून धरून ओढून घेतली. तो माडीवर भिंतीला टेकून बसला. त्या दिवशी त्याने बऱ्याचदा मान हलवून नाही म्हटलं. एकदा म्हणाला, फार गोड झालं. एकदा म्हणाला, आता ही पेटी लाजते. माजिदा न कंटाळता एकेक सुटा भाग बदलत गेल्या, आणि आशा प्रत्येक वेळी तीच चाल, त्याच जागी थांबून वाजवत गेली. तिची बोटं हुळहुळायला लागली होती.

मग एका खेपेला हिरामणने मान हलवलीच नाही. त्याने पावरी तोंडाला लावली आणि चाल संपल्यावरही थांबला नाही, दुसरीत गेला. आशा त्याच्यामागे गेली. खालचे शेजारी या वेळी जिन्यात येऊन गप उभे राहिले. माजिदांनी सोल्डरिंग आयर्न बंद केलं आणि स्टुलावर बसून घेतलं.

गाडीची वेळ झाली तेव्हा हिरामणने पावरी घोंगडीत बांधली. माजिदांना त्याने सांगितलं, मॅडम, लय कष्ट घेतले तुम्ही. मग आशाकडे वळून म्हणाला, "तुला येत नाय अशा चाली हायेत अजून. शनिवारी ये."

शनिवारी बँडची तालीम होती. तिने ललितला फोन करून कळवलं की या वेळी जमणार नाही, गिटार पाठीला लावली आणि माजिदांनी पाड्यावर न्यायला दिलेला अ‍ॅम्प दोन्ही हातांनी उचलून वडिलांच्या मागोमाग जिना उतरू लागली.