आठव्या खांबावरचं पोतं

तीन आठवडे पत्र टेबलाच्या खणात पडून होतं आणि रामलिंगअप्पांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. हुमनाबाद-कलबुर्गी महामार्गावरच्या फाट्याचं त्यांचं गाव. तिथलं वाचनालय त्यांनी तीस वर्षं सांभाळलं. पुस्तकात मान घालून बसायची सवय. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते मागे सरायचे. पत्र होतं दीपमालाचं. लहानपणी त्यांच्याकडून पुस्तकं नेणारी ही मुलगी आता कलबुर्गीच्या वाहतूक नियंत्रण कक्षात इंजिनिअर होती.

‘सर,’ तिनं लिहिलं होतं, ‘फाट्यापुढच्या आठव्या खांबावरच्या कॅमेऱ्याला कुणीतरी पोतं बांधतं. आमचा माणूस येऊन काढतो, आठ दिवसांत पुन्हा बांधलेलं असतं. मला कुणावर खटला भरायचा नाही. गावाची अडचण काय आहे, एवढं लिहाल का?’

पोतं कुणी बांधलं, हे अप्पांना ठाऊक होतं. त्यांचाच धाकटा भाऊ काशप्पा! त्याचं शेत त्या खांबाला लागूनच. खळ्याला जागा नाही आणि झोडायचा कंटाळा, म्हणून कापलेली तूर तो सरळ डांबरी रस्त्यावर पसरायचा. गाड्यांच्या चाकांखाली शेंगा आपोआप झडायच्या. सारा गाव तेच करायचा. कॅमेऱ्यात दिसलं तर दंड होईल, म्हणून हे पोतं.

अप्पांनी चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा फाडलं. आपल्याला त्या यंत्रातलं काय कळतं? आणि भावाचं नाव कसं घालायचं?

अशात पौष पौर्णिमा आली. त्याच दिवशी काशप्पाच्या मुलीची, अंबिकाची, सरकारी नर्सच्या जागेसाठी कलबुर्गीत परीक्षा होती. दहा वाजता केंद्राचं फाटक बंद होणार होतं. बाप, लेक आणि अप्पा सातच्या बसमध्ये चढले. फाट्यावरच्या फलकावर विजेची अक्षरं चमकत होती : पुढे रस्ता मोकळा. ते वाचून ड्रायव्हरनं जुन्या रस्त्याला न वळता बस सरळ घातली.

“आज पुनव हाय. गाणगापूरला लई गाड्या जायल्यात,” काशप्पा खुशीत थोरल्या भावाला म्हणाला. “म्हणून पहाटंच तूर पसरून आलो. सांजच्याला समदी झडती बघ, अण्णा!”

तीन किलोमीटरवर बस थांबली. थांबली ती थांबलीच! पुढे ट्रक, जीपगाड्या, महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंच्या मोटारी. मागेही तेच. हॉर्न, शिव्या, लहान मुलांची रडारड. साडेसात झाले, आठ झाले. अंबिका हॉलतिकिटाची घडी घालत होती आणि उलगडत होती.

“कसलं डोंबलाचं यंत्र हे!” काशप्पा उसळला. “रस्ता मोकळा म्हणं! सरकार नुसते दिवे लावायलंय. आंधळं हाय ते बोर्ड!”

कंडक्टर भीमराज पायी पुढं जाऊन आला होता. घाम पुसत तो म्हणाला, “मामा, बोर्डाला कामून शिव्या देताव? रस्त्यावर कुणीतरी तूर पसरलीया. तुराट्या ट्रकच्या चाकात गुंडाळल्या, अन् ट्रक आडवा होऊन बसलाय.”

“मग ते कलबुर्गीवाले काय झोपा काढायलेत व्हय?”

“ते कशानं बघतील? कॅमेरा बघतो, तवा त्यांना कळतंय. कळलं की ते बोर्डावर लिहितेत, जुन्या रस्त्यानं जावा म्हणून. क्रेन धाडतेत. हितं तर कॅमेऱ्याच्या तोंडावर पोतं! डोळे आपणच बांधायचे, अन् आंधळा म्हणून बोंबलायचं. काय शहाणपण हाय का न्हाई?”

बसमधले लोक खिडकीतून खांबाकडं बघू लागले. अंबिकाही बघत होती. पोत्यावर तांबड्या रंगाची दोन वर्तुळं होती. आडतीत आपला माल ओळखू यावा म्हणून तिनंच दिवाळीत घरच्या पोत्यांवर ती काढली होती.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे आपलंच पोतं हाय.”

काशप्पाचं तोंड एवढंसं झालं. रामलिंगअप्पांनी मान खाली घातली. आज मांडीवर पुस्तक नव्हतं, तरीही!

ट्रक हलायला नऊ वाजले. केंद्रावर पोचले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. रखवालदारापुढं काशप्पानं हात जोडले, पागोटं काढलं. फाटक उघडलं नाही. पुढची परीक्षा कधी निघेल, कुणालाच माहीत नव्हतं.

अंबिका रडली नाही. पायरीवर बसून तिनं एवढंच विचारलं, “बाबा, तूर झडली का वो?”

काशप्पाला ते शब्द चाबकासारखे बसले. परतीच्या बसमध्ये अप्पांनी त्याला दीपमालाच्या पत्राचं सांगितलं. गावी पोचताच काशप्पा तडक आठव्या खांबावर चढला आणि दात-ओठ खात त्यानं पोत्याची सुतळी तोडली. खाली उतरून म्हणाला, “अण्णा, त्या पोरीला लिव्ह. पोतं म्या बांधलं म्हणून लिव्ह.”

“अन् मी बघून गप बसलो, हेही लिहितो,” अप्पा म्हणाले. “तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी. मला विचारलं होतं रे!”

पाचव्यांदा लिहायला बसलेल्या अप्पांनी या वेळी कागद फाडला नाही. त्यांनी लिहिलं की तूर झोडायला गावाला जागा नाही, रस्त्याकडेच्या पडीक जमिनीवर सामाईक खळं मिळावं. आणि पुनवेच्या गर्दीची खबर गाव आदल्या दिवशी स्वतःहून कळवील.

वाचकहो, रस्त्यावर कितीही कॅमेरे लागोत, कलबुर्गीत कितीही हुशार माणसं बसोत, आपण सांगू-दाखवू तेवढंच त्यांना दिसणार. आपल्या सोयीसाठी अडवलेल्या रस्त्यावर कुणाची तरी लेक खोळंबलेली असते. ती परकी असेल, या भरवशावर आपण राहतो!

फाट्यावरच्या टपालपेटीपाशी अप्पा क्षणभर घुटमळले. पत्रात काही चुकलं तर नसेल? शेजारी अंबिका उभी होती. अप्पांनी पाकीट आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत पेटीवरचा हात काढला नाही.